जामखेडची शाळा

पुढारी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा आणि मागे हुजऱ्यांचा घोळका उभा राहतो. पुढारी जन्मावा लागतो, तो शिकवून तयार होत नाही, अशीही आपली एक भाबडी समजूत आहे. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातल्या, जामखेड ह्या दुष्काळी तालुक्याने ती समजूत खोटी पाडली, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर खेडी सुधारण्याची घाई सर्वांनाच झाली होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली आणि शिकवून तयार केलेले ग्रामसेवक गावोगाव गेले. पण १९५७ साली बलवंतराय मेहता समितीला आढळले की सरकारी गाडा चालला आहे, गावकरी मात्र कडेला उभे राहून पाहत आहेत. मग पंचायत राज्य आले. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. सत्ता गावात आली खरी, पण बहुधा ती जुन्याच वाड्याच्या ओसरीवर जाऊन टेकली.

१९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी जामखेडला आले. आजारी माणूस बरा होऊन घरी जातो नि तेच दूषित पाणी पिऊन परत येतो, हे त्यांनी आधीच्या रुग्णालयात पाहिले होते. म्हणून त्यांनी प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. परक्या गावात एकट्या पोरीबाळींचा जीव रमेना, आणि गावही त्यांचे ऐकेना. तेव्हा त्यांनी गावालाच आपल्यातली एक बाई निवडून द्यायला सांगितले.

आल्या त्या बहुतेक अक्षरशत्रू! कोणी दलित, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेली. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत, रात्री मुक्काम करीत. एका पंगतीला जेवायचे आणि शेजारी शेजारी निजायचे, हा ह्या शाळेतला पहिला धडा. आम्हां मास्तरांच्या अभ्यासक्रमात हा विषय नाही, आणि मला वाटते, तोच सर्वांत अवघड असावा. जन्मभर जिची सावली टाळली तिच्या हातची भाकरी घशाखाली उतरवणे काही सोपे नाही.

मग चित्रे, गाणी, गोष्टी. जुलाब होणाऱ्या मुलाचे पाणी तोडायचे नाही, उलट मीठसाखरेचे पाणी पाजायचे. गरोदर बाईला अर्धपोटी ठेवायचे नाही. ह्यातले पुष्कळ त्यांच्या स्वतःच्या सासूने नेमके उलटे शिकवलेले! शिकलेले मात्र आपल्यापाशी ठेवायचे नाही, गावात जाऊन दहाजणींना सांगायचे. पुरुष मंडळी प्रथम व्हॉलीबॉलच्या निमित्ताने जमली. त्यांतून शेतकरी मंडळे निघाली आणि पुढे ताली, बंधारे, झाडे लावणे ही कामे झाली. बायकांची महिला मंडळे झाली.

परिणाम आकड्यांत सांगायचा तर, १९७१ साली ह्या गावांत हजारी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९७६ साली ती संख्या ५२ वर आली. मला स्वतःला ह्या आकड्यांहून हातपंपांची गोष्ट मोठी वाटते. विंधनविहिरींच्या जागा मुद्दाम दलित वस्त्यांत धरल्या गेल्या. पाणी हवे तर घागर घेऊन तिकडेच जायला हवे. शिवाशिवीवर व्याख्यान देऊन कोणी गेले नसते, तहानेने नेले.

१९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो वैद्यकासाठी नव्हे, लोकनेतृत्वासाठी. मेबलबाई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली. दरम्यान देशोदेशीचे पदवीधर जामखेडला शिकायला येऊ लागले होते. वर्गात त्यांच्यासमोर शिकवायला बसत त्या ह्याच बाया, आणि त्यांची गावरान मराठी परदेशी डॉक्टरांना दुभाष्याकरवी समजून घ्यावी लागे.