कार्बनच्या कांडीपासून लेझरच्या झोतापर्यंत

गेल्या वर्षी आमच्या घराची मागची खोली रिकामी झाली आणि तिथे मोठा पडदा लावून घरीच सिनेमा पाहण्याची सोय करावी, असे मुलाच्या मनात आले. मी विरोध केला नाही. माझ्या मामांनी ऐंशी ओलांडून चार वर्षे झाली. निपाणीच्या एका थिएटरात त्यांचा सगळा जन्म ऑपरेटर म्हणून गेला. आता मात्र थिएटरात जाऊन तीन तास बसणे त्यांना झेपत नाही. त्यांच्यासाठी तरी ही सोय व्हावी, असे मलाही वाटत होते.

मुलाने चारपाच लेझर प्रोजेक्टरांची माहितीपत्रके आणली. कुठला तीन हजार ल्युमेनचा, कुठला चार हजारांचा. आकडे वाचून दाखवताना त्याचा उत्साह वाढत होता. मामा निमूटपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "उजेड किती ते सांगितलंस बाबा. खोलीत अंधार किती हाय, ते कोण बघणार?"

मुलगा हसला, मला मात्र हसू आले नाही. पडद्यावर चित्र टाकण्याच्या विद्येचा गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास या एका प्रश्नात सामावलेला आहे, असे मला वाटले. त्या निमित्ताने तो पुन्हा आठवून पाहिला, तो वाचकांपुढे ठेवतो.

या विद्येत नुसता पुष्कळ उजेड असून भागत नाही. दिवाळीतला आकाशकंदील सारे अंगण उजळतो, पण त्याच्यापुढे भिंग धरले म्हणून समोरच्या भिंतीवर ठळक चित्र उमटत नाही. भिंगाला उजेड हवा तो लहानशा ठिपक्यातून निघालेला. तरच तो गोळा करून नेमका पडद्यावर नेता येतो. प्रखर, पण इवल्याशा जागेतला उजेड मिळवायचा, ही खरी अडचण. पुढचा सगळा इतिहास तिच्यावर मात करण्याचा आहे.

आपल्याकडे या विद्येचा पहिला मान कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांना द्यावा लागेल. १८९२ साली त्यांनी 'शांबरिक खरोलिके'चे खेळ सुरू केले. मायावी शंबरासुरावरून 'शांबरिक' आणि खरोलिका म्हणजे दिवा. काचांवर हाताने रंगवलेली चित्रे ते पडद्यावर भराभर बदलून दाखवत आणि चित्रे हलत असल्याचा भास होई. चित्रे दाखवणाऱ्या असल्या दिव्यांत त्या काळी जगभर कुठे रॉकेलची वात असे, तर कुठे हायड्रोजन-ऑक्सिजनच्या ज्योतीत चुन्याची कांडी तापवून निघणारा पांढरा प्रकाश असे. पुढे ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्ये लागला. त्याआधी दिवसरात्र चित्रपट पाहून आणि प्रयोग करून फाळक्यांची दृष्टी काही काळ अधू झाली होती, ती उपचारांनी परत आली. उजेडाच्या या धंद्याने पहिल्यापासून डोळ्यांचीच परीक्षा घेतली.

आमच्यापासून जवळच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२३ सालच्या 'सिंहगड'साठी कृत्रिम प्रकाश वापरला. चित्र घेतानाचा उजेड असा माणसाच्या हाती आला. चित्र दाखवतानाचा उजेड तोपर्यंत कार्बनच्या कांड्यांतून येऊ लागला होता.

त्या कांड्या मी लहानपणी मामांच्या केबिनमध्ये पाहिल्या आहेत. एकीकडे धन, एकीकडे ऋण अशा दोन कांड्या समोरासमोर असत. त्या टेकवून किंचित दूर केल्या की मधल्या फटीत विजेची ज्योत उभी राही. धन कांडीच्या टोकाला एक खळगा पडे आणि साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर तापलेला तो खळगा म्हणजेच तो प्रखर, इवलासा उजेड. मागचा आरसा तो गोळा करून फिल्मवर टाकी. कांड्या सतत जळत, फट वाढत जाई आणि ती तशीच राहू दिली तर पडदा पिवळा पडे. म्हणून ऑपरेटरने दर थोड्या वेळाने काळ्या काचेतून ज्योत पाहून कांड्या पुढे सारायच्या. हजार फुटांचे रीळ ११ मिनिटांत संपे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकला की दुसरे मशीन चालू करायचे आणि सातएक सेकंदांनी दुसरा ठिपका आला की झोत बदलायचा. खाली बसलेल्यांना यातले काही कळत नसे. १९५६ साली आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला. पडद्यावर कधी मराठी, कधी कानडी बोलपट असत. पण ठिपका दोन्हींत त्याच कोपऱ्यात येई, असे मामा सांगतात.

१९५० नंतरच्या दशकात जर्मनीत झेनॉन वायूचे दिवे तयार झाले. काचेच्या जाड फुग्यात प्रचंड दाबाने वायू भरलेला, त्यात न जळणारी ज्योत. धूर नाही, कांडी सारणे नाही. आमच्याकडे हा दिवा बराच उशिरा आला. दिवा बदलताना फुगा फुटण्याचा धोका असे, म्हणून तोंडावर जाळी आणि हातात जाड मोजे घालावे लागत. "पण उजेड आपला आपण राहायचा. मला काम उरलं नाही," एवढेच मामा त्याविषयी बोलतात. नंतर फिल्मच गेली आणि मामाही घरी बसले.

लेझरचा जन्म १९६० सालचा. त्या वर्षी १६ मे रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. पुढे १९६४ साली कार्बन डायऑक्साइडचा शक्तिशाली लेझर देणारे कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. मात्र त्यांचा किरण डोळ्यांना न दिसणारा, कापण्या-जोडण्याच्या कामाचा. सिनेमासाठी हवा होता निळा लेझर. त्यासाठी जपानच्या शुजी नाकामुरांपर्यंत, म्हणजे १९९० नंतरच्या दशकापर्यंत, थांबावे लागले. दरम्यान १९८७ साली लॅरी हॉर्नबेक यांनी हजारो सूक्ष्म आरसे मावणारी चकती तयार केली होती. तिच्यातला एकेक आरसा कलून चित्राचा एकेक ठिपका उजळतो किंवा विझवतो. लेझर अगदी लहान जागेतून, अगदी निमुळता निघतो. कार्बनच्या खळग्याने जे केले, तेच तो धुराविना आणि वर्षानुवर्षे करतो.

आता निवडीकडे येतो. थिएटरात पडद्याच्या उजेडासाठी १६ फूट-लँबर्ट हे माप जुने आहे. दर चौरस फुटाला १६ ल्युमेन, असा त्याचा सोपा अर्थ. शंभर इंची पडदा सुमारे ३० चौरस फुटांचा भरतो. म्हणजे पूर्ण अंधारात पावणेपाचशे ल्युमेन पुरतात! मग तीन हजार कशाला? उजेडी खोलीसाठी. पण तिथेही गंमत आहे. कुठलाही प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. पडद्यावरचा काळा रंग म्हणजे तिथे उजेड न पडणे. खोलीतल्या दिव्यांचा १०० लक्स उजेड पडद्यावर पडत असेल, तर अडीच हजार ल्युमेनच्या यंत्रानेही काळा रंग पांढऱ्याच्या दहाव्या हिश्शाइतका उजळच दिसणार. रात्रीचे दृश्य राखाडी होणार. मामांचा प्रश्न हाच होता.

म्हणून आम्ही मधल्या किमतीचा, दोन हजार ल्युमेनचा घेतला आणि वाचलेल्या पैशात जाड गडद पडदे आणले. पांढरे छत उजेड परत फेकते म्हणून त्याला चमक नसलेला करडा रंग दिला. खोली १४ फूट लांब आहे आणि पडदा सव्वासात फूट रुंद. रुंदीच्या दीडपट अंतर मागणारे भिंग ११ फुटांवर बसते, म्हणून पडद्याखाली ठेवण्याचे महागडे यंत्र टाळले. तीन रंगांचे तीन लेझर असलेल्या यंत्रात रंग अधिक गडद येतात, पण पडद्यावर बारीक चमचमते दाणे दिसू शकतात. निळा लेझर पिवळ्या फॉस्फरवर पाडून रंग काढणाऱ्या यंत्रात हा त्रास फारसा नसतो. मोतीबिंदू काढलेल्या मामांना दुकानात बसवून दोन्ही दाखवले. त्यांनी दुसरे पसंत केले. काहींना एका चकतीच्या यंत्रात डोळा हलवताच इंद्रधनुष्यी कडा दिसतात, म्हणून घरातल्या सगळ्यांनीच पाहून घ्यावे. उजेड निम्मा होईपर्यंत २०,००० तास, असे कंपन्या लिहितात. रोज तीन तास धरले तर अठरा वर्षे. आणि लहान मुलांना भिंगात डोकावू देऊ नये.

पहिल्या रात्री 'प्रभात'चा १९३६ सालचा 'संत तुकाराम' लावला. जुन्या प्रतीवरून उतरवलेला. खोलीत स्वतःचा हात दिसत नव्हता. काही वेळाने उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकला. मुलाला तो दिसलाही नाही. मामा मात्र खुर्चीत सरळ झाले आणि त्यांचा उजवा हात, तिथे नसलेल्या मशीनकडे, सहज पुढे गेला.