पहिला घोडा कोणाच्या नावावर?

कुंभकोणमपासून काही किलोमीटरांवर, कावेरीकाठी वसलेले स्वामीमलै हे मुरुगाच्या सहा प्रमुख स्थानांपैकी एक. साठ पायऱ्या चढून स्वामिनाथाचे दर्शन घ्यावे आणि परतताना स्थपतींच्या कार्यशाळांत डोकवावे, असा प्रवाशांचा रिवाज आहे. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे लेप, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातूचा रस. एका कार्यशाळेत मी सहज एका घोड्याची किंमत विचारली. कारागिराने उलट विचारले, ‘नुसता घोडा, की स्वारासह?’ दोहोंचे दर अर्थातच निराळे होते.

मराठ्यांच्या लष्करी प्रशासनाचा मूळ प्रश्न हाच होता. घोडा आणि त्यावरचा स्वार यांचा मालक एक असावा की दोन?

प्रथम या प्रदेशाची जुनी गोष्ट. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो पांड्यांच्या किनाऱ्यावर आला, तेव्हा घोडे अरबस्तानातून समुद्रमार्गे येत असत. येथील राजे दरवर्षी दोन दोन हजार घोडे सोने मोजून घेत आणि वर्षअखेरीस त्यांतले शंभरही जिवंत राहत नसत, असे त्याने नोंदविले आहे. कारण त्याने रोखठोक दिले आहे. घोड्याची निगा जाणणारा माणूस येथे नव्हता. व्यापारी घोडे आणत, पण नालबंदाला येऊ देत नसत, कारण घोडे मरत राहिले तरच धंदा चालणार. आकडे फुगवलेले असतील. पोलोला ती सवय होतीच. तथापि पहिल्यांदा घोडा घेणाऱ्याची फसगत कोठे होते, ते या वर्णनातून नेमके कळते. त्याचे सारे लक्ष खरेदीच्या किमतीवर असते. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारात आजही नवखा ग्राहक घोड्याचे दात मोजतो, अंगावरचे शुभाशुभ भोवरे पाहतो, चाल पाहतो. दाणा, वैरण, मोतद्दार आणि नाल यांचा हिशेब त्याला घरी गेल्यावर सुचतो.

या पार्श्वभूमीवर शिवकालीन पागेची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तिचे उत्तम वर्णन सभासदाने केले, आणि ते त्याने १६९७ च्या सुमारास याच तमिळ मुलखात, जिंजी येथे बसून लिहिले, हा योगायोग मला नेहमी मौजेचा वाटतो. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी देणारा व नाल ठोकणारा यांची पदे मूळ आकृतिबंधातच मंजूर! पावसाळी छावणीत दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेले निवारे लष्कर परतण्यापूर्वीच सिद्ध असत. पांड्यांकडे जे नव्हते ते येथे नियमाने होते.

या पागेतील बारगिराचा घोडा सरकारी असे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. शेतकऱ्याच्या पोराला पहिला घोडा घेणे म्हणजे भांडवलदार होणे होते. मान वाढे, मोबदला वाढे. परंतु घोडा लढाईत पडला की भांडवल बुडाले आणि रोजगारही गेला. त्यामुळे शिलेदाराचा जीव घोड्यात गुंतलेला असे आणि हातघाईच्या क्षणी तो हिशेब करी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. जोखीम ज्याच्या माथी, सावधपणाही त्याचाच. बारगिराची अडचण नेमकी उलट, कारण सरकारी घोडा दामटताना हात आखडत नाही. (सरकारी जीप आणि स्वतःची मोटार एकच चालक कसा निरनिराळी चालवतो, हे आम्हा नोकरशहांना ठाऊक आहे.) शिवाजी महाराजांनी पागेला बळ दिले आणि शिलेदारांना तिच्या हुकमतीखाली ठेवले. खजिन्यावरचा भार वाढला, पण घोडा कोठे धाडायचा हा निर्णय राज्याच्या हाती राहिला. पेशवाईत शिलेदारांचे प्रमाण वाढत गेले. ते स्वस्त पडत असे, आणि स्वस्त पडणे हा खजिन्याला नेहमीच पटणारा युक्तिवाद आहे.

इंग्रजांनाही तो पटला. त्यांच्या हिंदी घोडदळात हीच पद्धत ‘सिल्लेदार’ नावाने रुजली. भरती होणारा स्वार घोडा व सरंजामासाठी रक्कम भरी. विसाव्या शतकारंभी मद्रासच्या तीन रेजिमेंटी वगळता जवळजवळ सारे हिंदी घोडदळ या पद्धतीचे होते. पहिल्या महायुद्धात घोडे एवढ्या वेगाने खर्ची पडू लागले की स्वारांच्या वर्गणीतून नवे उभे करणे अशक्य झाले. महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेत ती पद्धत मोडीत निघाली.

आता पुन्हा कावेरीकाठी. एकोजीराजांनी १६७६ साली तंजावर हस्तगत केले, तेव्हापासून स्वामीमलैचा हा टापू मराठ्यांच्या अमलाखाली होता. १७९९ च्या ऑक्टोबरात सरफोजीराजांनी कंपनीशी तह केला आणि तंजावरचा किल्ला व लगतचा परिसर एवढेच त्यांच्याकडे उरले. वसुली गेली, फौज गेली. उरले ते ग्रंथालय. महाराजांनी समृद्ध केलेल्या त्या सरस्वती महालात नकुलाच्या नावाचे अश्वशास्त्र आहे. घोड्यांच्या जाती, रंग, भोवरे, लक्षणे असा त्याचा विषय. ग्रंथालयाने १९५२ साली ते सचित्र छापले.