गॅस की डिझेल? : आमच्या घरातला एक जुना वाद

परवा चिचगडहून धाकट्या चुलतभावाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "दादा, टिप्पर घ्याचा म्हणतो. शोरूमवाला म्हणते गॅसवाला घ्या, मिस्त्री म्हणते डिझेलच घ्या. तू सांग ना जी, काय करू?"

आता माझा आणि टिप्परचा संबंध म्हणजे रस्त्यावर तो पुढे दिसला की काच वर करायची, एवढाच. पण फोन ठेवल्यावर हसू आलं आणि मग जरा गंभीर झालो. कारण ट्रकमध्ये कुठलं इंजिन असावं, या प्रश्नावर आमच्या घरात एकदा आजोबा आणि मोठे काका यांच्यात कित्येक वर्षं अबोला होता. हा फोन करणारा त्याच मोठ्या काकांचा मुलगा. त्याला त्यातलं फारसं ठाऊक नाही. म्हणून म्हटलं, नीट लिहूनच काढावं. घरातली बरीच मंडळी इथे वाचतात, त्यांना काही आठवलं तर भर घालतीलच.

ज्यांनी चिचगड पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडंसं. गोंदिया जिल्ह्यात देवरी तालुक्यातलं हे गाव. मुंबई-कोलकाता हायवेवर देवरी लागतं, तिथून आत जंगलाकडे वळायचं. गोंदिया जिल्हा झाला १९९९ साली, त्याआधी आम्ही भंडाऱ्याचे. आणि त्याहीआधी, म्हणजे १९५६ पर्यंत, आम्ही मध्य प्रदेशात होतो! चिचगड ही जुनी जमीनदारी. १९५१ साली जमीनदाऱ्या गेल्या आणि जंगल सरकारकडे आलं. धान, बांबू, साग, तेंदूपत्ता. यातलं काहीही विकायचं तर ते आधी रेल्वेपर्यंत न्यायला हवं, आणि रेल्वे आमगावला. त्यामुळे आमच्या भागात ट्रक ही चैनीची गोष्ट कधीच नव्हती. बैलगाडीनंतर सरळ ट्रकच.

आजोबा तरुणपणी एका सर्व्हिस मोटारीवर क्लीनर होते. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. १९४१ पासून पेट्रोलवर रेशनिंग आलं आणि देशभर मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या लागल्या. हा "गॅस प्लांट" म्हणजे लोखंडी पिंप. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा, पण हवा मोजकीच द्यायची. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो गाळून, थंड करून, हवेत मिसळून इंजिनात सोडायचा. गाडी चालायची, पण दम कमी. पेट्रोलवरच्या ताकदीचा तिसरा हिस्सा तरी जायचाच, कधी जास्तही. चढ आला की प्रवाशांनी उतरायचं आणि ढकलायचं. सकाळी निघायच्या आधी अर्धा तास क्लीनरने पंखा फिरवत भट्टी पेटवायची. आजोबांच्या मनगटावर त्या पिंपाच्या चटक्याचा डाग शेवटपर्यंत होता.

पण आजोबा त्या भट्टीबद्दल कधी वाईट बोलले नाहीत. उलट अभिमानाने सांगायचे, "सरकारनं पेट्रोल बंद केलं तरी आमची मोटार बंद नाही पडली." आणि कोळशाला चिचगडात काय तोटा?

युद्ध संपलं आणि लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. यांना सगळे "डिस्पोजलचे ट्रक" म्हणत. फोर्ड, शेवरोलेट, डॉज. सगळे पेट्रोलवरचे. आजोबांनी भागीदारीत एक शेवरोलेट घेतला, पुढे भागीदाराचा हिस्साही घेतला. कूपातली लाकडं आणि बांबू आमगावला टाकायचे, येताना मीठ, सिमेंट, कापड, मिळेल ते आणायचं. आमच्या घरावर कौलं चढली ती त्या ट्रकच्या पैशातून.

त्या वेळी पेट्रोलचा ट्रक घेण्यात आजोबांचं काहीच चुकलं नव्हतं. डिझेल इंजिन तेव्हा नवीन नव्हतं, पण ट्रकमधलं डिझेल इंजिन आपल्याकडे नवीनच होतं. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन जर्मनीत आउग्सबुर्गला १८९७ साली नीट चाललं. पण ते अवजड धूड. सिलिंडरात इंधन फवारायला दाबाखालची हवा लागे आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. त्यामुळे ते कारखान्यात, बोटीत, पाणी उपसायला चालायचं. रस्त्यावर आणायचं तर हा पसारा आटोपशीर करायला हवा होता. १९२४ च्या सुमारास जर्मनीत डिझेलचे ट्रक आले आणि १९२७ साली बॉश कंपनीने इंधन फवारणारा छोटा पंप कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली. तेव्हा कुठे या इंजिनाला ट्रकच्या बॉनेटखाली खरी जागा मिळाली. स्वतः डिझेलसाहेबांना हे पाहायला मिळालं नाही. १९१३ साली इंग्लंडला जाताना ते बोटीवरून नाहीसे झाले.

आपल्याकडे १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली एस.टी. सुटली ती बेडफर्ड, आणि तेव्हाच्या बेडफर्ड पेट्रोलवरच चालायच्या. म्हणजे आजोबा काही मागासलेले नव्हते. सगळा देशच पेट्रोलवर होता.

मग आलं १९५४. टेल्को आणि डेमलर-बेंझ यांचा करार झाला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक बाहेर पडू लागले. नाकावर बेंझची चांदणी. (१९६९ ला करार संपला, चांदणी गेली आणि टाटांचा "टी" आला.) १९५५ पासून मद्रासकडे अशोक मोटर्सची अशोक लेलँड झाली, त्यांचेही डिझेल ट्रक. शिवाय जुन्या पेट्रोल ट्रकचं इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवायचा धंदाही जोरात सुरू झाला.

मोठे काका तेव्हा पोरसवदा, आजोबांच्याच ट्रकवर किन्नर. पुढे तेच ड्रायव्हर झाले. साठच्या दशकात इटियाडोह आणि बाघ प्रकल्पाची कामं निघाली, तिकडे ते माती-मुरूम टाकायला जायचे आणि शेजारी डिझेलचे ट्रक पाहायचे. घरी येऊन रोज एकच विषय: इंजिन बदला.

काकांचं म्हणणं काय होतं, ते आता मला समजतं. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल आधी मिसळतात, मग दाबतात, मग प्लगची ठिणगी. जास्त दाबलं तर ठिणगीआधीच भडका उडतो, म्हणून त्या काळच्या ट्रकात दाबायचं प्रमाण सहा-साडेसहा पटच असे. डिझेलमध्ये नुसती हवा सोळा-सतरा पट दाबतात. ती इतकी तापते की डिझेल फवारताच पेटतं. ठिणगीच नको. जास्त दाब म्हणजे त्याच इंधनातून जास्त काम. त्यात डिझेलमध्ये लिटरमागे ऊर्जाही थोडी जास्त. आणि कमी फेऱ्यांवर जोर जास्त, म्हणजे भरलेला ट्रक खड्ड्यातून, नाल्यातून उचलायला बरा.

नाल्याचं तर खासच. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरवर पाणी उडालं की पेट्रोलचा ट्रक नाल्याच्या मध्यात बंद. मग फडक्याने पुसत बसा. डिझेलला ठिणगीच नसल्यामुळे, हवा घ्यायचं तोंड पाण्याच्या वर असेपर्यंत तो धडधडत पार जायचा. आमच्याकडे पावसाळ्यात किती नाले आडवे येतात हे माहीत असलेल्या माणसाला आणखी काही सांगायला नको.

आजोबांची बाजूही ऐका. डिझेल इंजिन महाग. थंडीत सकाळी चालू होईना, लोक इंजिनाखाली शेकोटी करायचे किंवा रात्री गाडी उताराला लावून ठेवायचे. पंप-नोझल बिघडलं तर थेट नागपूर. पेट्रोलचा कार्बोरेटर आजोबा स्वतः पत्रावळीवर उघडून, फुंकर मारून साफ करायचे. आणि शेवटचा हुकमी मुद्दा, "उद्या पेट्रोल मिळालं नाही तर मागं भट्टी लावीन. तुझं डिझेल कोळशावर चालते काय?"

हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, बरं का! ठिणगीचं इंजिन नुसत्या गॅसवर चालतं. डिझेल इंजिन गॅसवर चालवायचं तर पेटवण्यापुरतं थोडं डिझेल तरी लागतंच.

पण पुढचं संकट मागच्यासारखं आलं नाही. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि जगात कच्च्या तेलाचा भाव तीन डॉलरवरून काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. या वेळी पेट्रोल गायब झालं नाही. पंपावर मिळत होतं. फक्त परवडत नव्हतं. सरकारने पेट्रोल श्रीमंतांचं मानलं, त्यावर जास्त बोजा टाकला. डिझेल एस.टी.चं, शेतकऱ्याचं, मालवाहतुकीचं, म्हणून त्याचा भाव त्यामानाने धरून ठेवला. भाडं मात्र दोघांना सारखंच. डिझेलवाला ज्या भाड्यात दोन पैसे वाचवायचा, त्यात आजोबांचं पेट्रोलही निघेना. आणि कोळशाची भट्टी लावावी तर अर्ध्या ताकदीच्या ट्रकला फेरी देणार कोण?

१९७५ ला शेवरोलेट भंगारात गेला. दोन एकर धानाची शेतीही गेली, देणं फेडायला. मोठे काका दुसऱ्याच्या टाटावर ड्रायव्हर झाले आणि आजोबांशी बोलेनासे झाले. आजोबा गेले तेव्हा काका त्यांच्या उशाशी होते, एवढं मात्र मला आठवतं. त्या ट्रकचं हँडल अजून चिचगडच्या घरी आहे. माझी काकू त्याने मागचं दार अडवते.

आता हा सगळा पुराण-इतिहास टिप्परच्या फोनशी कसा जोडायचा?

गंमत अशी की शोरूमवाला ज्याला गॅस म्हणतो तो सी.एन.जी.चा ट्रक म्हणजे आतून पुन्हा ठिणगीचंच इंजिन. प्लग आहे, कॉइल आहे. म्हणजे आजोबांच्या शेवरोलेटचा नातूच तो! फरक इतका की कोळशाच्या गॅसमध्ये निम्म्याहून जास्त निरुपयोगी नायट्रोजन असायचा, हा मात्र जवळजवळ शुद्ध मिथेन, ताकदीला चांगला. अडचण साठवणीची. दोनशे पट दाबाखाली भरूनही लिटरमागे डिझेलच्या चौथ्या हिश्शाएवढीच ऊर्जा मावते. म्हणजे जाडजूड सिलिंडर, त्यांचं वजन, आणि तेवढा मुरूम कमी. मोठ्या ट्रकसाठी उणे १६२ अंशांवर द्रव केलेला गॅस हा दुसरा मार्ग, त्याचा पंप २०२१ साली आपल्या नागपुरातच सुरू झाला. पण चिचगडच्या मुरूम खाणीतल्या सहाचाकीला त्याचा काय उपयोग?

आणि डिझेलही काकांच्या वेळचं राहिलेलं नाही. २०१० ला पेट्रोलचे भाव मोकळे झाले, डिझेलचे अडकवून ठेवले. २०१२ मध्ये दिल्लीत दोघांत तीस रुपयांहून जास्त अंतर होतं. ऑक्टोबर २०१४ ला डिझेलही मोकळं झालं आणि जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झालं. काकांनी हे ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. शिवाय एप्रिल २०२० पासूनच्या बी.एस.-६ गाड्यांत यूरियाचं पाणी, सेन्सर, कॉम्प्युटर. रस्त्याकडेचा मिस्त्री पाना घेऊन फार काही करू शकत नाही.

म्हणून मी भावाला सांगितलं, की इंजिन कुठलं चांगलं हे मला विचारू नकोस, आजोबा आणि काका दोघांनाही ते बरोबरच माहीत होतं. तू तीन गोष्टी स्वतः बघून ये. एक, तू जिथे रोज काम करणार तिथून गॅसचा पंप किती लांब आहे, आणि सलग आठ दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन बघ, रांग किती आणि गॅस असतो का. रिकामा जाण्या-येण्याचा खर्च भाड्यात धर. दोन, बंद पडला तर दुरुस्त कोण करणार आणि किती दिवसांनी. तीन, आजच्या भावावर हिशेब मांडू नकोस. दोन इंधनांच्या भावातला फरक संपला असं धरून हप्ता निघतो का ते बघ. तो फरक सरकारच्या हातात असतो, आपल्या नाही. आमचा शेवरोलेट इंजिनामुळे गेला नाही, त्या फरकामुळे गेला.

आठ दिवसांनी फोन आला. पंपाच्या रांगेत तीनदा उभा राहून आला होता. डिझेलचाच घेतोय म्हणाला, पण नवा मोठा नाही, एकाच्या हातचा वापरलेला, म्हणजे कर्ज तीन वर्षांत फिटेल आणि शेत गहाण टाकावं लागणार नाही. गॅसचा पंप जवळ आला तर पुढचा गॅसवाला.

शेताचं ऐकून मला सगळ्यात बरं वाटलं. इंजिन काय, बदलता येतं.

असो. फारच लांबलं. टिप्पर दारात आला की पूजेला जाणार आहे. त्या दिवशी त्याला ते हँडल दाखवून ही गोष्ट तोंडीही सांगीन. आजोबांची बाजू आधी, आणि मग काकांची.