तेरेझिनमधल्या दोन सुटकेस

फ्रीडल डिकर-ब्रँडाइस बाउहाउसमध्ये योहानेस इटेनकडे शिकलेली चित्रकर्ती. डिसेंबर १९४२मध्ये नाझींनी तिला तेरेझिनच्या छळछावणीत धाडलं. तिथे घरादाराला मुकलेल्या मुलांकडून ती इटेनचे लयीचे सराव करून घेई. ताल ऐकायचा, हात मोकळा सोडायचा, रेघा ओढायच्या. चित्र कशाचं, हा प्रश्नच नाही! (आम्ही तत्त्वज्ञानवाले नेमके तिथेच अडतो.) कागदावर स्वतःचं नाव मात्र हवंच, छावणीत माणसाला नंबर असे.

याला आम्ही उपचार म्हणायला कचरतो. बरं व्हायला त्या मुलांना वेळ कुठे मिळाला? ऑक्टोबर १९४४मध्ये फ्रीडल ऑशविट्झला मारली गेली, बहुतेक मुलंही. तिने मागे ठेवलेल्या दोन सुटकेसमध्ये सुमारे ४,५०० चित्रं निघाली. तिची विद्यार्थिनी एडिथ क्रेमर १९३८मध्येच अमेरिकेत पोचली होती; तिथे कलोपचाराचा पाया घालणाऱ्यांत तीही होती.