श्वासाची नळी केव्हा काढावी

पक्षाघाताच्या रुग्णाचे फुप्फुस अनेकदा धडधाकट असते. मार बसलेला असतो तो शुद्धीवर, खोकल्यावर आणि गिळण्यावर. त्यामुळे यंत्राविना श्वास घेता आला, तरी नळी काढल्यावर लाळ श्वासमार्गात उतरण्याची धास्ती राहतेच. हा फरक ध्यानात यायला वैद्यकाला जवळजवळ अर्धे शतक लागले.

1952 च्या पोलिओ साथीत कोपनहेगनला ब्योर्न इब्सेन यांनी रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी बसवली आणि सुमारे 1500 विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशवी दाबून त्यांना जगवले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात फरोख उदवाडिया यांनी 1970 च्या सुमारास अतिदक्षता विभाग उभा केला. तिथे धनुर्वाताचे रुग्ण आठवडेच्या आठवडे यंत्रावर असत.

खानदेशात ही सोय उशिरा पोचली. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1980 च्या दशकाच्या अखेरीस निघाले, जळगावचे थेट 2018 मध्ये. मधली तीन दशके जळगावकरांना सरकारी महाविद्यालयाचे रुग्णालय गाठायचे, तर धुळ्याचाच रस्ता सुमारे नव्वद किलोमीटरचा होता. पक्षाघातात एवढा वेळ फार महाग पडतो. 2014 पासून 108 ची रुग्णवाहिका आली आणि कोविडच्या काळात जिल्हा रुग्णालयांतले व्हेंटिलेटर वाढले.

यंत्र सोडवण्याचे शास्त्रही याच मधल्या दशकांत पक्के होत गेले. 1991 मध्ये यांग आणि टोबिन यांनी मिनिटातले श्वास भागिले एका श्वासाचे लिटर, असे सोपे गणित दिले. उत्तर 105 च्या आत असले, तर रुग्ण यंत्राविना तग धरण्याची शक्यता जास्त. मेंदूच्या रुग्णांना मात्र हे पुरेसे नव्हते, म्हणून ते पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत नळी ठेवण्याचा प्रघात पडला. 2000 साली कॉप्लिन आणि सहकाऱ्यांनी मेंदूला इजा झालेले 136 रुग्ण तपासले. श्वासाचे निकष पूर्ण होऊनही ज्यांची नळी उशिरा काढली, त्यांना न्यूमोनिया अधिक झाला. केवळ शुद्ध कमी म्हणून थांबणे सुरक्षित नाही, हा त्यातला खरा धडा.

म्हणून आता अर्धा तास यंत्राचा आधार कमी करून श्वास पाहतात. सक्शनची नळी आत जाताच जोरदार खोकला येतो का, लाळ किती वेळा ओढावी लागते, हेही परिचारिका टिपून ठेवते. ही नोंद आकड्यांइतकीच मोलाची आहे. खोकला दुबळा असेल तर गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याचा विचार होतो. नळी निघाल्यावर नातेवाईक आधी पाणी पाजायला धावतात. पण गिळण्याची तपासणी होईपर्यंत पाण्याचा घोटही द्यायचा नसतो, अन्न आणि औषध नाकातल्या नळीनेच जाते.