कॉर्व्हेरच्या पोटाखालचा पाटा

अमेरिकेत आल्यावर आपल्याला एक गोष्ट लवकर कळते. इथे गाडीच्या सुट्या भागापेक्षा तो बसवणाऱ्याची मजुरी महाग पडते. नाक्यावरच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गाडी सोडून चहा प्यायला जाण्याची सोय नाही, म्हणून बरेच जण जॅक आणि पाने घेऊन स्वतःच ड्राइव्हवेमध्ये आडवे होतात. मागचे शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंगा, अँटी-रोल बार असे बाहेरच्या उत्पादकांचे भाग घरी बसवणं हा इथला जुना उद्योग आहे. त्याच्या इतिहासात एका साध्या पाट्याची गोष्ट आहे. गाडी सुरक्षित करण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तिच्या मुळाशी आहे.

१९६० च्या मॉडेलवर्षासाठी जनरल मोटर्सने शेव्हरोले कॉर्व्हेर बाजारात आणली. हवेने थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन आणि तेही मागे, ही रचना अमेरिकी गाड्यांमध्ये वेगळीच होती. त्यामुळे साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या चाकांवर येई. मागचं सस्पेन्शन ‘स्विंग ॲक्सल’ पद्धतीचं होतं. फोक्सवॅगन बीटलमध्येही तेच असे.

या पद्धतीत मागच्या प्रत्येक ॲक्सलला एकच सांधा असतो, तोही आतल्या बाजूला, डिफरन्शियलजवळ. दाराची फळी बिजागरीवर फिरावी तसं चाक त्या सांध्याभोवती वरखाली होतं आणि प्रत्येक हालचालीत त्याचा कल बदलतो. वळणावर वेग जास्त असेल तर गाडीचा मागचा भाग वर उचलला जातो आणि बाहेरचं चाक आत दुमडू लागतं. टायर रस्त्यावर सपाट टेकत नाही, पकड एकदम सुटते आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते.

कंपनीने यावर दिलेला इलाज हवेचा होता. पुढच्या टायरांत १५ पौंड आणि मागच्या टायरांत २६ पौंड दाब ठेवा, असं मालकाला सांगितलं गेलं. पुढची पकड मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे मागची आधी सुटणार नाही. हिशेब बरोबर होता, पण तो पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा होता. चारही टायरांत सारखीच हवा भरायची सवय असलेल्या माणसाच्या हातून हा इलाज सहज निकामी होई. पुढचा अँटी-रोल बार खर्च वाचवण्यासाठी आधीच गाळलेला होता.

ही फट बाहेरच्या उत्पादकांनी हेरली. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडची एम्पी ही कंपनी बीटलसाठी आणि पुढे कॉर्व्हेरसाठी ‘कँबर कॉम्पेन्सेटर’ विकू लागली. नाव भारदस्त असलं तरी वस्तू म्हणजे एक आडवा पाटा, आपल्याकडे ट्रकखाली दिसणाऱ्या पाट्यांच्या कुळातला. गाडीचा मागचा भाग उचलून स्टँडवर ठेवायचा, पाट्याचा मध्य गिअरबॉक्सखाली सांध्यावर अडकवायचा आणि दोन्ही टोकं दोन ॲक्सलना खालून आधार देतील अशी बसवायची. पाटा मध्यावर तराजूच्या दांडीसारखा फिरत असल्यामुळे एक चाक वर आणि दुसरं खाली जायला हरकत नसे. दोन्ही चाकं एकदम खाली लोंबून आत दुमडू लागली, की मात्र तो त्यांना अडवी.

१९६५ च्या नोव्हेंबरात राल्फ नेडर यांचं ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ प्रसिद्ध झालं. लेबनॉनहून आलेल्या स्थलांतरितांचा हा मुलगा तेव्हा तिशीतला वकील होता. पुस्तकाचं पहिलंच प्रकरण कॉर्व्हेरवर आहे आणि त्यात बाहेर मिळणाऱ्या या पाट्याचीही दखल आहे. हौशी मालकांच्या दृष्टीने तो पाटा ही स्वस्तात मिळालेली सुधारणा होती. नेडर यांच्या दृष्टीने तो पुरावा होता. दोष ओळखता येत होता, उपाय उपलब्ध होता आणि तो सामान्य माणसाला घरी बसवता येण्याइतका सोपा होता. मग तो कारखान्यातच का बसवला नाही?

पुस्तक आलं तोवर कंपनीने उत्तर देऊनही टाकलं होतं. १९६४ च्या मॉडेलमध्ये मागे आडवा पाटा आणि पुढे अँटी-रोल बार आला. १९६५ मध्ये स्विंग ॲक्सल जाऊन मागचं सस्पेन्शन पूर्ण नव्याने आलं. पण आधीच्या चार वर्षांच्या गाड्या रस्त्यावर होत्याच. जनरल मोटर्सने नेडर यांच्यामागे खासगी गुप्तहेर लावल्याचं उघड झालं आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली. त्याच सप्टेंबरात वाहनसुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १९७२ मध्ये सरकारच्याच वाहनसुरक्षा संस्थेने चाचण्यांअंती म्हटलं, की १९६० ते ६३ ची कॉर्व्हेर तिच्या काळातल्या तशाच काही गाड्यांपेक्षा वाईट नव्हती. कॉर्व्हेरचे चाहते हा अहवाल आजही पुढे करतात आणि तो नजरेआड करता येत नाही. मात्र ‘इतरांइतकीच’ हे उत्तर नेडर यांच्या प्रश्नाचं नाही. उपाय माहीत असताना तो कोणी करायचा, हा त्यांचा प्रश्न होता. गाडीखाली शिरण्याची हौस, हत्यारं आणि माहिती असलेला माणूस सुरक्षित आणि शेजारी त्याच गाडीत असुरक्षित, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती.

आज कारखान्यातून निघणाऱ्या गाडीला ठरलेले सुरक्षानिकष पाळावेच लागतात. त्या निकषांसाठी बसवलेलं काहीही निकामी करायला उत्पादक, विक्रेते आणि दुरुस्तीची दुकानं यांना संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. स्वतःच्या गाडीवर स्वतः काम करणाऱ्या मालकाला मात्र हे कलम लागू होत नाही. म्हणून मागच्या स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच खाली आणणारा हौशी माणूस, कायद्याने कारखान्यावर टाकलेली जबाबदारी तेवढ्यापुरती आपल्या शिरावर घेतो. त्याने ती जरूर घ्यावी. फक्त बोल्ट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापात आवळावेत, चाकांचं अलाइनमेंट करून घ्यावं आणि त्या गाडीत मागे बसणाऱ्यांनी पाटा निवडलेला नसतो, हे लक्षात ठेवावं.