अब्राहाम, इब्राहीम, आबाजी



बीडच्या व्यासपीठावरून एका हिब्रू नावाविषयी बोलण्याचे आम्ही ठरवले, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, "आपल्या पाहण्यात येथे यहुदी कुटुंब नाही, हे नाव ऐकून घ्यायला येणार कोण?" शंका रास्त आहे. परंतु येथून उठून मोमीनपुऱ्याच्या एखाद्या गल्लीत 'इब्राहीम' अशी हाक मारून पाहावी. निदान एक जण तरी वळून पाहील. हे नाव आपण अरबी समजतो. अरबस्तानातून ते आपल्याकडे आले हे खरे, पण त्याचे माहेर हिब्रू आहे. आणि त्याच नावाचा एक भाऊबंद कोकणच्या किनाऱ्यावर धोतर-पागोट्यात इतका मिसळून गेला होता की, त्याला परका म्हणण्याचे कोणाच्या मनातही येऊ नये. त्या भाऊबंदाची हकीकत सांगावी हाच आमचा मुख्य हेतू आहे. तथापि तेथवर पोचायला थोडे वळसे घ्यावे लागतील.

प्रथम अर्थ पाहू. बायबलातील उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात ही नामकरणाची कथा आहे. त्या कुलपुरुषाचे मूळ नाव 'अब्राम'. हिब्रूत 'अव' किंवा 'अब' म्हणजे बाप आणि 'राम' म्हणजे उंच, उन्नत. वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी देवाने त्याच्याशी करार केला आणि तू पुष्कळ राष्ट्रांचा बाप होशील असे सांगून त्याचे नाव 'अब्राहाम' केले. 'हामोन' म्हणजे समुदाय, त्याचा येथे संबंध जोडला आहे. भाषापंडित म्हणतात की ही व्युत्पत्ती नव्हे, शब्दावरची कोटी आहे. अब्राम आणि अब्राहाम ही बहुधा एकाच नावाची दोन बोलींतली रूपे असावीत. आमच्या मते कोटी म्हणून ती हिणकस ठरत नाही. नावाचा अर्थ कोशकार सांगतात त्यापेक्षा नाव ठेवणारे काय समजतात, यावरच नावाचे आयुष्य चालते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. 'राम' हे अक्षर ऐकताच आपल्यातील काहींचे कान टवकारले असतील. अब्राहाम म्हणजे ब्रह्मा आणि त्याची पत्नी सारा म्हणजे सरस्वती, अशी जुळणी करणारे लोक आपल्याकडे आहेत. ही हौस आपलीच नव्हे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या व्हॉल्तेअरनेही अब्राहामाचा संबंध ब्रह्म्याशी लावला होता. नाद सारखा म्हणून नाते सख्खे, असा न्याय लावला तर कोणाचे कोणाशीही लग्न लावता येईल. असो.

हे नाव इतके थोर, तेव्हा यहुद्यांत ते घरोघर असेल असे वाटते. पण प्राचीन काळी तसे दिसत नाही. तालमूदमध्ये शेकडो आचार्यांची मते आहेत, पण त्यांत अब्राहाम नावाचा आचार्य सापडत नाही असे अभ्यासक सांगतात. मूळ पुरुषाचे नाव लेकराला ठेवण्याची त्यांना भीड वाटत असावी. सासऱ्याचे नाव मुलाला ठेवले तर आपली सूनबाई त्याला त्या नावाने हाक मारीत नसे, दुसरेच काही लाडाचे नाव काढीत असे. त्यातलाच हा प्रकार. ही भीड मध्ययुगात सुटली आणि मग नावाचा प्रसार झाला.

इस्लामात अशी भीड नव्हती. कुराणात इब्राहीमचे नाव ६९ वेळा आले असून चौदाव्या सुऱ्याला त्याचेच नाव आहे. बकरी ईद त्याच्याच बलिदानाच्या आठवणीची. शिवाय नमाजाच्या शेवटच्या बैठकीत जो दरूद म्हणतात त्यात इब्राहीमचा उल्लेख येतो. जे नाव दिवसातून अनेकदा ओठांवर येते, ते पाळण्यात न आले तरच नवल!

दख्खनमध्ये तर हे नाव सिंहासनावर चढले. ज्या निजामशाहीत आपला बीड परगणा होता, तिच्या गादीवर १५९५ साली एक इब्राहीम काही महिने बसून लढाईत पडला. गोवळकोंड्याच्या इब्राहीम कुतुबशाहाने (१५५० ते १५८०) तेलुगू कवींना आश्रय दिला. त्यांनी त्याच्या नावाचे 'मलकिभराम' असे तेलुगू रूप करून टाकले. विजापूरच्या पहिल्या इब्राहीम आदिलशाहाने हिशेबाच्या दप्तरातून फारसी काढून देशी भाषा आणली असे फिरिश्ता लिहितो. दुसऱ्या इब्राहीमने (१५८० ते १६२७) 'किताब-ए-नवरस'मध्ये सरस्वती-गणपतीला आळवले.

पण मराठी माणसाच्या काळजात घर करून बसलेला इब्राहीम राजा नव्हता, तो पगारी शिपाई होता. इब्राहीमखान गारदी फ्रेंचांच्या तालमीत तयार झाला, निजामाच्या चाकरीत राहिला आणि पुढे मराठ्यांकडे आला. फेब्रुवारी १७६० मधली उदगीरची लढाई म्हणजे आपल्या अंगणातलीच. तेथे त्याच्या गारद्यांनी जुन्या धन्याच्या फौजेविरुद्ध तोफा डागल्या. पुढच्या वर्षी १४ जानेवारीला पानिपतावर तो रोहिल्यांवर तुटून पडला आणि त्याची बहुतेक पलटणे तेथेच कापली गेली. समोर धर्मबंधू होते. तरी तो भाऊसाहेबांना सोडून गेला नाही. पकडला गेल्यावर त्याचा जीव घेण्यात आला. माणसाच्या नावावरून त्याच्या इमानाचा अंदाज बांधणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांनी पानिपताचे हे पान एकवार काढून वाचावे.

तिसरी वाट मिशनची. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) ठाणे दिले आणि आपल्या आष्टी तालुक्याच्या पलीकडेच बायबलातली नावे मराठी जिभेवर रुळू लागली. मात्र धर्म बदलला म्हणून नाव बदललेच असे नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी टिळक नारायण वामन टिळकच राहिले आणि त्यांच्या मुलाचे नाव देवदत्त होते.

आता कोकणात उतरू. अलिबागेच्या बाजूचे बेने इस्राएल म्हणजे आपले मराठी बोलणारे यहुदी. नवगावजवळ गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, त्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. तेल गाळण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. आडनावे दिवेकर, रोहेकर, पेणकर, केहिमकर. आणि नावे? शमुवेलचा समाजी, यहेज्केलचा हसाजी आणि अब्राहामचा आबाजी. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली शमुवेल यहेज्केल दिवेकर यांनी उभारले. त्यांना जुने लोक समाजी हसाजी म्हणूनच ओळखत.

'आबाजी' या नावापाशी आम्हांस जरा थांबावेसे वाटते. शिवाजी महाराजांच्या पदरी आबाजी सोनदेव होते. तेव्हा गावात हे नाव कोणालाही खटकण्याचे कारण नव्हते. नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर ही निवड झाली असणार. पण गंमत अशी की, अब्राहाममधला 'अब' म्हणजे बाप, आणि आपला 'आबा' म्हणजेही बाप किंवा वडीलधारा. हे दोन शब्द एकाच मुळाचे आहेत असे आम्ही म्हणत नाही; व्हॉल्तेअरला नुकतेच हसून झाले आहे. तान्ह्या पोराच्या ओठांवर सर्वत्र अशीच अक्षरे येतात, एवढेच त्याचे कारण. पण परिणाम पाहा. ज्या तेल्याला हिब्रूचे अक्षर येत नव्हते, त्याने नावाचा वेष बदलला आणि नकळत अर्थ तेवढा सांभाळला.

एकोणिसाव्या शतकात कोचीनचे यहुदी शिक्षक आणि मिशनच्या शाळा यांच्यामुळे जुने ग्रंथ या समाजाच्या हाती आले. १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मग आबाजीचे नातू पुन्हा अब्राहाम झाले. गांधीजींवर उपचार करणारे मुंबईचे डॉ. अब्राहाम सॉलोमन एरूळकर यांचे नाव पाहा: दोन पावले बायबलात आणि तिसरे कोकणात. त्यांचे बंधू डेव्हिड एरूळकर १९१६ च्या खटल्यात जीनांसमवेत लोकमान्यांच्या बाजूने उभे होते.

१९४८ नंतर यांतले बरेच लोक इस्राएलात गेले. भारतात तेव्हा हा समाज सुमारे २०,००० होता. २०११ च्या जनगणनेत सगळ्या प्रकारचे यहुदी मिळून महाराष्ट्रात २,४६६ उरले. तिकडे गेल्यावर त्यांच्यापुढे काय वाढून ठेवले होते? त्यांचे कूळ शुद्ध आहे काय, त्यांच्याशी विवाह लावावा काय, अशी शंका तेथल्या धर्माधिकाऱ्यांनी काढली आणि आजी-पणजीपर्यंत चौकशी मागितली. शेकडो वर्षे ज्यांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, पोराची आठव्या दिवशी सुंता केली, त्यांना अब्राहामाचे नाव असूनही अब्राहामाचे वंशज असल्याचा दाखला द्यावा लागला. त्यांनी येरुशलेमेत ठिय्या दिला. अखेर १९६४ साली तेथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले. आम्हांस यात चीड येते ती अशी की, ज्या काळात ते आबाजी म्हणवीत होते, त्या काळात कोकणातल्या कोणत्याही गावाने त्यांना असला दाखला मागितला नाही.

आता त्या घरांतून आबाजी हे नाव मागे पडले आहे. नवी पिढी अव्राहाम म्हणते. आणि तिकडच्या हिब्रूत मूल बापाला रोज ज्या शब्दाने हाक मारते, तो शब्द आहे 'अब्बा'. अलिबागेहून गेलेल्या म्हाताऱ्याला तो नव्याने शिकण्याची फारशी गरज पडली नसावी.